मांजरेचा गाळ कुणाच्या खात्यात?

सप्टेंबर 2025 मध्ये मांजरा पात्र सोडून वाहिली, तेव्हा आमच्या कळंब तालुक्यात दोन प्रकारचे नुकसान झाले. एक, उभे सोयाबीन गेले. दुसरे, जमीन खरडून गेली. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. जमीन गेली तर पेरायचे कशात? सरकारने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामे जाहीर केली. माझ्या नदीकाठच्या रानात काही ठिकाणी वीतभर थर उचलला गेला आणि खालचा पिवळा मुरूम उघडा पडला. भरपाईचे अर्ज झाले, फोटो झाले. पण ती माती गेली कुठे, हे कोणत्याच कागदावर विचारलेले नव्हते.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकलो आणि नंतर गावी येऊन शेती केली. त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. वाहून गेलेल्या मातीचा एक मोठा हिस्सा आमच्या अगदी शेजारी, धनेगावच्या मांजरा धरणात आहे. धरणाची एकूण क्षमता 224 दलघमी, त्यात मृतसाठा 47. मृतसाठा म्हणजे गाळाने भरायला राखून ठेवलेली जागा, असे आपण समजतो. प्रत्यक्षात गाळ आधी तिथे जातच नाही. वाहते पाणी धरणाच्या फुगवट्याला टेकले की त्याचा वेग मोडतो आणि वाळू, पोयटा तिथेच, म्हणजे कळंबच्या बाजूला, खाली बसतो. सगळ्यात बारीक चिकणमाती तेवढी भिंतीपर्यंत पोहोचते. म्हणजे गाळ जिवंत साठ्याची जागा पहिल्या वर्षापासून खात असतो. फुगवट्याच्या टोकाला ज्यांनी गाळपेर केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाणी ओसरल्यावर हरभरा कुठे जोमाने येतो आणि कुठे रेताड लागते, हे त्यांना पायाखालून कळते.

आमच्या काठावर धरण होण्यापूर्वीही ही माती अडतच होती, फक्त पुढे जाऊन. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगवते. बीड-धाराशिवची हद्द धरून, लातूर, बीदर ओलांडून तेलंगणात जाते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. तिच्यावर निजामाच्या काळात, 1923 ते 1931 मध्ये, निजामसागर बांधला गेला. 1970 च्या दशकापर्यंत त्या धरणाची निम्म्याहून अधिक जागा गाळाने भरली. जे काही साचले त्यातले पुष्कळ बालाघाटाच्या उतारावरचे, मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातले, आमच्या आजे-पणज्यांच्या रानातले. शेवटी तिथल्या अभियंत्यांना पाण्याची पातळी वाढवून थोडी क्षमता परत मिळवावी लागली. कंदकुर्तीच्या खाली श्रीरामसागर आहे. त्याचीही मूळ 112 टीएमसीची क्षमता गाळापायी 90 च्या आसपास आली होती.

मग समुद्रापर्यंत काय पोहोचते?

2006 मध्ये जॉइडेस रिझोल्यूशन हे संशोधन जहाज गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात आले. ते आले होते समुद्रतळाखालच्या गॅस हायड्रेटच्या, म्हणजे बर्फात कोंडलेल्या मिथेनच्या, शोधात. सव्वा किलोमीटर खोल पाण्याखालच्या चिखलातून त्यांनी नळीने एक उभा नमुना काढला. त्या नमुन्यात गेल्या सुमारे 11 हजार वर्षांचा गोदावरीचा गाळ थरावर थर बसलेला होता. अमेरिकेच्या वूड्स होल संस्थेचे लिव्हिउ जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात भारतीय शास्त्रज्ञही होते, त्याचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध केला.

गोदावरीच्या खोऱ्यात दोन वेगळे मुलूख आहेत. वरचा अर्धा आपला, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, काळ्या पाषाणाचा. खालचा त्याहून कितीतरी जुन्या खडकांचा. निओडायमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण दोन्ही खडकांत वेगळे असते, आणि खडक झिजून माती झाला, माती वाहून समुद्रात गेली, तरी ते बदलत नाही. त्यावरून चिखलाचा कोणता थर कुठून आला हे सांगता येते. या नमुन्यात दिसले ते असे: गेल्या सुमारे चार हजार वर्षांत, मान्सून दुबळा होत गेला, झाडोरा विरळ झाला, आणि समुद्रात जाणाऱ्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढला. याच काळात दख्खनमध्ये शेतीची वस्ती पसरली. पाऊस कमी झाला तरी धूप वाढली, कारण माती धरून ठेवणारे काही उरले नव्हते. आमच्या जिल्ह्यातले तेर, म्हणजे जुने तगर, तेरणेच्या काठावर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तिथला माल गाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद ग्रीक खलाशांच्या पेरिप्लसमध्ये आहे. त्या गावाभोवती नांगर चालत होता आणि त्याची माती नदीवाटे पूर्वेला जात होती. आपल्या शेतीचा सगळ्यात जुना जमाखर्च आज समुद्राच्या तळाशी आहे.

हे वाचल्यावर मी आणि माझी पत्नी अंतर्वेदीला गेलो. तिला नरसिंहाचे दर्शन हवे होते, मला नदीचे मुख पाहायचे होते. राजमहेंद्रीच्या खाली गोदावरी गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांत फुटते. वसिष्ठा अंतर्वेदीला समुद्राला मिळते. समुद्राच्या बाजूला वाळू आहे. नदीच्या बाजूला वळले की पाय घोट्यापर्यंत रुततो. मी तो चिखल चिमटीत घेऊन चोळला, ओला असताना त्याची वळी केली. वळी तुटत नव्हती. रंग आमच्या मातीपेक्षा राखी, वास गंधकाचा, पण चिकटपणा ओळखीचा.

परभणीला प्रयोगशाळेत आम्ही मातीचे पोत काढायचो तेव्हा लिटरभर पाण्याच्या नळकांड्यात माती ढवळण्याआधी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालायचो. ते घातले नाही तर चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि मोजणी चुकते. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहून लहान असतो. तो सुटा राहिला तर मीटरभर खाली जायला त्याला तीन दिवस लागतात. नदीच्या मुखाशी याच्या उलट घडते. गोड्या पाण्यात हे कण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यातले क्षार तो दुरावा संपवतात, कण एकत्र येऊन पुंजके होतात आणि तेच मीटरभर अंतर तासा-दोन तासांत कापतात. शेकडो किलोमीटर गढूळ वाहत आलेले पाणी इथे आपला भार टाकू लागते. आमच्या काळ्या मातीतले स्मेक्टाइट, जे उन्हाळ्यात भेगा पाडते आणि पावसात फुगते, ते तर अतिशय बारीक. त्याचा प्रवास सगळ्यांत लांबचा.

पण टाकलेला भार तिथे राहत नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या वेळात पाणी थबकते, तेव्हा गाळ बसतो. ओहोटीने वेग घेतला की ताजा बसलेला पातळ थर पुन्हा उठतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पुष्कळ उठतो, अष्टमीच्या भांगाच्या भरतीत पुष्कळ बसतो. काही दिवस हलला नाही तर त्यातले पाणी पिळून निघते, तो घट्ट होतो, आणि मग त्याला उचलायला वाळूला लागतो त्याहून जास्त जोर लागतो. वरून शेवाळाचा चिकट पापुद्रा त्याला बांधतो. खालून खेकडे, शिंपले, नाना जातींचे समुद्री किडे त्याला पोखरतात, गिळतात, पोटातून काढून वर टाकतात. त्यांच्या बिळांतून प्राणवायू खाली जातो. शेतात गांडूळ करते ते काम इथे हे प्राणी पाण्याखाली करतात.

पुढे उथळ समुद्रावर, ज्याला भूखंडमंच म्हणतात, लाटांचा हात तळापर्यंत पोहोचतो. पावसाळी वाऱ्यात आणि वादळात तळावरचा गाळ पुन्हा ढवळला जातो. 6 नोव्हेंबर 1996 ला गोदावरीच्या मुखाजवळच्या कोनसीमावर आदळलेल्या चक्रीवादळासारखे एखादे वादळ बऱ्याच वर्षांत साचलेले थर एका रात्रीत उलटेपालटे करते: जड ते खाली, हलके ते वर, आणि त्यातले काही किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर दूरवर. काकिनाड्यासमोर सुमारे 18 किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा उभा आहे, तो अशाच वाहतुकीतून. त्या दांड्याच्या आडोशाला शांत पाण्यात बारीक गाळ बसला आणि कोरिंगाचे कांदळवन त्यावर वाढले. एखादा कण कायमचा गाडला जाण्यापूर्वी अनेकदा बसतो आणि उठतो. दर वेळी उठला की त्याला चिकटलेल्या सेंद्रिय द्रव्याला प्राणवायू मिळतो, त्यातले थोडे जळते, थोडे कोळंबीच्या आणि माशांच्या अन्नसाखळीत जाते. उरलेले खोल गेले की कर्ब म्हणून हजारो वर्षे तिथे राहते. त्या 2006 च्या जहाजाने शोधलेला मिथेनही अशा गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यातूनच तयार होतो.

म्हणजे समुद्रात पोहोचलेली माती वाया जाते, हे आपले समजणे खरे नाही. तिथे ती काम करते. जमीन बांधते, जंगल धरते, मासे पोसते.

असेच काम आपल्या राज्यातही पाहता येते. आमच्या भागातली कितीतरी मुले नवी मुंबईत नोकरीला आहेत. माझा मुलगाही ऐरोलीला राहतो. तिथल्या ठाणे खाडीत उधाणाच्या दिवसांत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, गोदावरीच्या मुखाशी ते जेमतेम मीटर-दीड मीटर. त्यामुळे खाडीतला चिखल सतत हलता असतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या त्याच चिखलावर रोहित पक्षी चरतात. 2015 मध्ये तिथे त्यांचे अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याच खाडीच्या तोंडाशी बंदरांची खोल केलेली जलवाट आहे. ती दर वर्षी पुन्हा भरते, दर वर्षी उपसावी लागते. उपसलेला गाळ समुद्रात चुकीच्या जागी टाकला तर भरती तो परत आणून देते. म्हणून खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात प्रवाहांचा अभ्यास करून तो कुठे टाकायचा हे ठरवतात. बंदरवाल्यांना एक गोष्ट पक्की कळली आहे: उपसा हा उपाय नाही, तो कायमचा खर्च आहे. गाळ कुठून येतो आणि कसा फिरतो हे कळले, तरच तो खर्च आटोक्यात राहतो. धरणाच्या बाबतीत आपल्याला हे अजून कळायचे आहे.

आता गोदावरीच्या मुखाची आजची अवस्था पाहा. आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये आकडे मांडले. 1970 च्या दशकात गोदावरी वर्षाला सरासरी 15 कोटी टन गाळ आणत होती. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्याही खाली आला. 1976 ते 2000 या काळात त्रिभुज प्रदेशाच्या काठावरची सुमारे 18 चौरस किलोमीटर जमीन समुद्राने घेतली. कारण त्यांनी धरणे हेच सांगितले. समुद्राचे ढवळणे थांबलेले नाही. लाटा, भरत्या, वादळे आपले काम करतच आहेत. फक्त त्यांना नवा गाळ मिळत नाही, म्हणून त्या जुना किनारा उचलतात. अंतर्वेदीला आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी काम करणाऱ्या पोराने मोडक्या हिंदीत सांगितले की त्याच्या आजोबांचे घर होते तिथे आज पाणी आहे. मी त्याला सांगितले की आमच्याकडे माती वाहून जाते म्हणून आम्ही रडतो. तो काही बोलला नाही. मलाही पुढे काय सांगावे ते सुचले नाही.

कळंबच्या शेतकऱ्याची माती गेली, अंतर्वेदीच्या माणसाला ती मिळाली नाही. मधल्या मधे ती धरणांत पडून आहे. शेतात असती तर ज्वारी पिकली असती, मुखाशी असती तर किनारा धरला असता. धरणात ती एकच गोष्ट करते: पाण्याची जागा खाते. आणि आमच्या भागात पाण्याची जागा म्हणजे काय, हे 2016 मध्ये साऱ्या देशाने पाहिले. धनेगावचे धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याने माती शेतातच अडवली तर समुद्राला आणखी कमी मिळेल. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. पण नदीला तिचा स्वाभाविक गाळ नेऊ देणे वेगळे आणि उघड्या रानातून पीकथर खरडून पाठवणे वेगळे. आधीचे हजारो वर्षांचे, नंतरचे आपल्या वागण्याचे. पूर्वी रानारानांत दगडी ताली होत्या. ट्रॅक्टर वळायला अडचण नको म्हणून पुष्कळांनी त्या काढल्या, बांध कोरून एक-एक तास जास्त पेरला, उताराच्या दिशेने नांगरट केली. जूनच्या पहिल्या वळवाला सोयाबीनची रिकामी भुसभुशीत राने उघडी असतात, तेव्हाच सगळ्यांत जास्त माती जाते. उताराला आडवी पेरणी, रुंद सरी-वरंबा, ताली आणि ओढ्यांवरचे छोटे बांध यांना मोठा पैसा लागत नाही. ती आपली जबाबदारी आहे आणि ती आपणच घ्यायला हवी.

सरकारकडून मात्र मला वेगळे हवे आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये नव्याने सुरू झाली. लहान शेतकऱ्याला गाळ पसरायला एकरी 15 हजार रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान मिळते. योजना चांगली आहे, मी स्वतः तिचा लाभ घेतला आहे, माझ्या मुरमाड पट्ट्यात त्या गाळाने फरक पडला. पण गाळ सरसकट वाटला जातो. मुरमाड रानाला चिकणमाती वरदान ठरते, आधीच भारी असलेल्या काळ्या रानात तीच घातली तर पाण्याचा निचरा बंद होतो आणि जमीन चोपण व्हायची भीती असते. ज्या ठिकाणचा गाळ उचलायचा त्याची परीक्षा आधी व्हावी: वाळू किती, पोयटा किती, चिकणमाती किती, क्षार आणि सेंद्रिय कर्ब किती. मातीपरीक्षणाची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, हे त्यांना जमण्यासारखे आहे.

दुसरे, मांजरेवरचे लातूर जिल्ह्यातले दरवाजांचे उच्चस्तरीय बंधारे. पहिल्या पुरांचे पाणी सर्वांत गढूळ असते. धनेगावचे पहिले पाणी सोडून द्या असे दुष्काळी मुलखात मी म्हणणार नाही; एखाद्या वर्षी तेवढेच येते. बंधाऱ्यांचे तसे नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढून ठेवायचे ही जुनी पद्धत याचसाठी होती. दरवाजे पहिल्या पुरांत उघडे ठेवून गढूळ पाणी पुढे जाऊ द्यावे आणि पाऊस परतायच्या बेतात असताना निवळ पाण्याने बंधारे भरावेत.

आणि तिसरे, जे पहिले हवे होते, ते म्हणजे मोजणी. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या मदतीने धरणांतल्या गाळाचे अंदाज काढते. केंद्रीय जल आयोग गोदावरी खोऱ्यातल्या ठिकठिकाणी पाण्याबरोबर गाळही मोजतो. 1980 च्या गोदावरी लवादाने राज्याराज्यांत पाणी वाटून दिले, त्याला आता पंचेचाळीस वर्षे होऊन गेली. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र या चार राज्यांनी गाळाचाही असा एकत्र हिशेब मांडायला हवा. मांजरेच्या उगमापासून वसिष्ठेच्या मुखापर्यंत किती माती निघाली, कुठे अडली, किती समुद्राला मिळाली, हा तक्ता दर वर्षी पावसाळा संपल्यावर लोकांसमोर यावा. धरणात आज किती टक्के पाणी आहे हे आमच्या पेपरात रोज छापून येते. त्या शेजारी गाळाने गेलेली जागाही वर्षातून एकदा छापावी. धनेगावच्या पुढच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मी हीच मागणी लेखी देणार आहे, आणि मांजराकाठच्या ज्या शेतकऱ्यांची जमीन खरडून गेली त्यांनी माझ्याबरोबर सही करावी अशी माझी विनंती आहे.